आपटा की कांचन?

मुलांनो, दसऱ्याच्या दिवशी सायंकाळी तुम्ही काय करता बरे? नवे कपडे घालता, थोरांबरोबर गावाच्या शिवेपर्यंत जाऊन सीमोल्लंघन करता आणि परतल्यावर आपट्याची पाने घेऊन घरोघर जाता. वडीलधाऱ्यांच्या हातावर पान ठेवून त्यांना वाकून नमस्कार करता आणि म्हणता, "सोने घ्या, सोन्यासारखे राहा." तेही तुमच्या पाठीवरून हात फिरवतात आणि एक पान तुम्हांला परत देतात. या देवाणघेवाणीत कोणाचे काही खर्च होत नाही. पण दोन माणसे एकमेकांच्या जवळ येतात. वर्षभराचा अबोलाही त्या एका पानाने कित्येकदा सुटतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर दसऱ्याचे महत्त्व विशेष आहे. हिंगोली शहराच्या सार्वजनिक दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे आणि तो पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना जिल्ह्याच्या कडेला कनेरगाव नाका हे आमचे गाव लागते. नाका म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची व मालाची तपासणी करण्याची जागा. एके काळी हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची सीमा याच भागातून जात असे. आज ती सीमा उरलेली नाही. एका बाजूस मराठवाडा व दुसऱ्या बाजूस विदर्भ असे दोन्ही प्रदेश महाराष्ट्राचेच आहेत. परंतु सीमेवर वसलेल्या गावाला सीमोल्लंघनाचा सण अधिकच आपला वाटावा, यात नवल ते काय?

सणाची ही हकिकत तुम्हांला ठाऊकच आहे. मला विचारावयाचे आहे ते निराळेच. दसऱ्याला तुम्ही ज्या झाडाचे पान देता, ते आपट्याचेच असते, हे तुम्ही कशावरून म्हणता? ते झाड तुम्ही कधी पाहिले आहे काय? त्याला फूल कोणत्या महिन्यात येते? त्याची शेंग कशी असते? या प्रश्नांची उत्तरे पूर्वी मलाही देता आली नसती. ती मला कशी मिळाली, ते आधी सांगतो.

मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवारात आपट्याचे झाड असावे, अशी सर्वांची इच्छा झाली. एका रोपवाटिकेतून आम्ही एक रोप आणले. "आपटाच आहे," असे देणाऱ्याने सांगितले. पानही मधोमध चिरलेले, जोडपानासारखे होते. आम्ही समारंभाने ते रोप लावले. ते भराभर वाढले. तीन वर्षे दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत त्याची पूजा झाली, आणि त्याच झाडाखाली उभे राहून मी मुलांना कौत्साची कथा सांगितली. चौथ्या वर्षी आश्विन महिना लागला आणि झाडावर मोठाली, सुंदर, गुलाबी-जांभळी फुले उमलली. आम्हां शिक्षकांना आनंद झाला. इतक्यात सहावीतील एक मुलगी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, आमच्या बांधावर आपटा आहे. त्याला फूल उन्हाळ्यात येतं, आणि ते एवढंसं, पिवळट असतं. मग हा आपटा कसा?"

मी काय उत्तर देणार? कौत्साची कथा मला तोंडपाठ होती. अश्मंतक हे आपट्याचे संस्कृत नावही मी फळ्यावर लिहीत असे. परंतु ज्या झाडाविषयी मी बोलत होतो, त्याचे पान मी कधी नीट न्याहाळले नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्ही सारे त्या मुलीच्या बांधावर गेलो. दोन्ही झाडांची पाने शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा शंका उरली नाही. बांधावरचा तो आपटा होता. शाळेतला कांचन होता.

चूक एकट्या रोपवाटिकेची नव्हती, आमचीही होती. आणि अशी चूक पुष्कळांची होते. दसऱ्याच्या बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात आणि लोक त्या विश्वासाने घेतात. म्हणून ही दोन झाडे कशी ओळखावी, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्या की, आपटा आणि कांचन ही एकाच वंशातील झाडे आहेत. म्हणूनच ती सारखी दिसतात. वनस्पतिशास्त्रात या वंशाला 'बाउहिनिया' असे नाव आहे. हे नाव कसे पडले, ते मोठे मनोरंजक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्वित्झर्लंडमध्ये बाउहिन आडनावाचे दोन भाऊ होऊन गेले. थोरला योहान १५४१ साली जन्मला आणि धाकटा गास्पार १५६० साली. दोघांनीही वनस्पतींच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. गास्पारने १६२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर सुमारे सहा हजार वनस्पतींची नोंद केलेली आहे. या भावंडांच्या स्मरणार्थ त्यांचे नाव या झाडांना देण्यात आले. एकाच देठावर जोडलेले पानाचे दोन सारखे भाग म्हणजे जणू एका घरातील ते दोन भाऊ! आपट्याचे शास्त्रीय नाव 'बाउहिनिया रॅसेमोझा' असे आहे. रॅसेमोझा म्हणजे मंजिरीसारख्या तुऱ्यात फुले येणारा. नावातच फुलांची खूण सांगितलेली आहे.

आता पान हातात घ्या. पुष्कळ लोक पानाची चीर किती खोल आहे, ते पाहून निर्णय देतात. परंतु ही खूण भरवशाची नव्हे. कांचनाच्या निरनिराळ्या जातींत चीर कमीअधिक खोल असते, आणि एकाच झाडावरही दोन पानांत फरक आढळतो. त्याऐवजी पुढील चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट आकाराची. आपट्याचे पान लहान असते. त्याची लांबी बहुधा तीन ते पाच सेंटिमीटर असते आणि रुंदी लांबीपेक्षा थोडी अधिक असते. म्हणजे पान उभट नसून आडवे पसरलेले दिसते. कांचनाचे पान याच्या दुप्पट-तिप्पट मोठे, कित्येकदा तुमच्या तळहाताएवढे असते. पट्टी घेऊन मोजले म्हणजे वादच मिटतो.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. आपट्याचे पान जाड व चिवट, चामड्यासारखे लागते. कांचनाचे पान त्या मानाने पातळ आणि मऊ असते. डोळे मिटून दोन्ही पाने चाचपून पाहा. थोड्या सरावाने बोटांनाच ओळख पटू लागेल.

तिसरी गोष्ट रंगाची. आपट्याचे पान वरून मळकट हिरवे असते. ते उलटे करून पाहिले, तर खालची बाजू करडी व बारीक लवेची दिसते. कांचनाच्या पानाचा हिरवा रंग अधिक उजळ असतो.

चौथी गोष्ट शिरांची. पान उजेडासमोर धरा. देठाच्या टोकापासून पंख्याच्या काड्यांप्रमाणे शिरा फाकलेल्या दिसतील. आपट्याच्या पानात अशा सात ते नऊ शिरा असतात. कांचनाच्या पानात बहुधा त्याहून अधिक असतात.

केवळ एका खुणेवर निकाल देऊ नये. न्यायाधीश जसा अनेक साक्षी ऐकून मग निर्णय देतो, तसेच झाड ओळखणाऱ्यानेही करावे. पानाची साक्ष झाली म्हणजे फुलाची घ्यावी. आपट्याची फुले उन्हाळ्यात, साधारणतः मार्चपासून जूनपर्यंत येतात. ती लहान, पिवळसर पांढरी असून फांद्यांच्या टोकांना तुऱ्यांत लागतात. दुरून ती डोळ्यांत भरत नाहीत. कांचनाची फुले मात्र मोठी आणि देखणी असतात. आमच्या शाळेतल्या कांचनासारखी एक जात पावसाळा सरल्यावर फुलते, तर दुसरी वसंत ऋतूत फुलते. तेव्हा दसऱ्याच्या सुमारास एखादे झाड मोठ्या गुलाबी-जांभळ्या फुलांनी बहरलेले दिसले, तर तो आपटा नव्हे, हे निश्चित समजावे.

फूल जवळून पाहण्याची सवय असेल, तर आणखी एक मौज दिसेल. आपट्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात आणि ते दहाही परागकण देतात. आश्विनात फुलणाऱ्या कांचनात परागकण देणारे पुंकेसर बहुधा तीनच असतात, तर वसंतात फुलणाऱ्या कांचनात ते बहुधा पाच असतात. तीन, पाच आणि दहा! निसर्गाने जणू मोजणाऱ्यासाठीच ही अंकांची खूण ठेवली आहे.

आता शेंगेची साक्ष. आपट्याची शेंग साधारणतः वीतभर लांब, किंचित वाकडी आणि फुगीर असते. ती हिवाळ्यात पिकते, तपकिरी होते आणि पुढेही कित्येक दिवस झाडावर लोंबत राहते. कांचनाची शेंग चपटी असते. वाळल्यावर ती तडकन फुटते, तिची दोन टरफले पिळवटतात आणि बिया दूर उडतात. आपट्याची शेंग अशी तडकत नाही. ती पुढे आपोआप गळून पडते.

शेवटी झाडाकडे थोडे दूर उभे राहून पाहा. आपटा हे लहान चणीचे झाड आहे. तीन ते पाच मीटर ही त्याची सामान्य उंची. खोड बहुधा वाकडेतिकडे, साल खरखरीत व काळपट, आणि फांद्या खाली झुकलेल्या असतात. बांधावर तो उभा असला म्हणजे ओझे घेऊन वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा भासतो. कांचन त्याच्यापेक्षा सरळ व डौलदार असतो. म्हणूनच बागांतून व रस्त्यांच्या कडेने कांचन लावलेला दिसतो, आणि आपटा माळावरच राहतो.

रूपाने साधा असला तरी आपटा गुणाने थोर आहे. अश्म म्हणजे दगड. मुरमाड, खडकाळ जमिनीत तग धरणाऱ्या या झाडाला अश्मंतक हे नाव किती शोभते! आमच्या भागात काळ्या जमिनीबरोबरच बरड माळही पुष्कळ आहेत. पाऊस चार महिन्यांचा, आणि त्यातही खंड पडतो. अशा ठिकाणी आपटा कोणाच्या पाण्यावाचून वाढतो. कडक उन्हाळ्याच्या तोंडी तो आपली पाने गाळतो. पाने नसली म्हणजे पाण्याची वाफ कमी होते आणि झाडाच्या अंगची ओल टिकते. त्याच्या सालीचा वाख काढून पूर्वी दोर वळीत असत. त्याचे लाकूड कठीण असल्याने शेतीच्या अवजारांस व सरपणास उपयोगी पडते. पाला गुरे आणि शेळ्या खातात. उन्हाळ्यात रानात फुले थोडी असतात, त्या दिवसांत आपट्याच्या तुऱ्यांवर मधमाश्या आलेल्या दिसतात.

असे हे झाड दसऱ्याशी कसे जोडले गेले? त्याची कथा तुम्ही ऐकली असेल. वरतंतू ऋषींच्या आश्रमात कौत्स नावाचा शिष्य होता. विद्या पूर्ण झाल्यावर त्याने गुरुदक्षिणा काय द्यावी, असे विचारले. गुरूंना काहीच नको होते, परंतु शिष्याने फारच आग्रह धरला, तेव्हा ते रागावून म्हणाले, "चौदा विद्या शिकलास, तर चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण." कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने तर यज्ञात सर्वस्व दान केले होते. पाहुण्याचे स्वागत करण्यास त्याच्याजवळ मातीचे पात्र तेवढे उरले होते. तरीही याचकाला विन्मुख धाडणे त्याला रुचेना. त्याने कुबेरावर चाल करून जाण्याचे ठरवले, आणि त्याच रात्री कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला.

महाकवी कालिदासाने 'रघुवंश' या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात ही कथा सांगितली आहे. त्यात सोने राजाच्या कोशागारात पडते. आपल्याकडच्या लोककथेत मात्र ते नगराबाहेर आपट्याच्या झाडावर पडते, आणि म्हणून त्या झाडाच्या पानांना सोन्याचा मान मिळतो. दोन्ही कथांतील मर्म एकच आहे. राजा म्हणाला, "हे सगळे सोने तुमच्यासाठी आले आहे, सगळे घेऊन जा." कौत्स म्हणाला, "मला गुरुदक्षिणेपुरतेच हवे. एक मुद्राही अधिक नको." देणारा हात आखडत नव्हता आणि घेणारा गरजेपलीकडे हात पुढे करीत नव्हता. कथेत पावसासारखे सोने पडले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली. कौत्साने त्यातले किती घेतले, हे मात्र आपण विसरलो.

आपट्याच्या झाडाखाली हा विसर स्पष्ट दिसतो. ज्या बांधावरच्या आपट्याने आम्हांला आमची चूक दाखवली, त्याच झाडाची हकिकत ऐका. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रात्री कोणीतरी कोयता घेऊन आले आणि बाजारात विकण्यासाठी त्याच्या बहुतेक फांद्या तोडून घेऊन गेले. सकाळी ती मुलगी शाळेत आली, तेव्हा तिचे डोळे पाणावलेले होते. "झाड गेलं नाही, गुरुजी," ती म्हणाली, "पण फक्त खोड उरलं आहे."

आपट्याला तोडल्यावर पुन्हा धुमारे फुटतात, हे खरे. ते झाडही मेले नाही. परंतु तोडण्याची वेळ कोणती होती, याचा विचार करा. उन्हाळ्यात फुले आली. त्यांच्या शेंगा पावसाळ्यात वाढल्या. आश्विनात त्या अजून कोवळ्या, हिरव्या होत्या. आत बी तयार व्हावयाचे होते. फांदीबरोबर त्या शेंगाही गेल्या. बाजारात पाने विकली गेली आणि शेंगा उकिरड्यावर पडल्या. शिवाय पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. पावसाळ्याच्या ओलीवर हिवाळाभर अन्न तयार करून ते साठवावे आणि त्या बळावर उन्हाळ्यात फुलावे, असा झाडाचा क्रम असतो. आश्विनातच स्वयंपाकघर मोडले, तर पुढच्या चैत्रात फुले कोठून यावी? त्या झाडाला पुढच्या उन्हाळ्यात तुरे आले नाहीत, आणि म्हणून त्या वर्षी एकही शेंग धरली नाही. एका रात्रीत दोन वर्षांचे बी नाहीसे झाले.

थोडे गणित करू. समजा, एका गावात पाचशे घरे आहेत आणि प्रत्येक घरात एक लहानशी फांदी विकत येते. म्हणजे पाचशे फांद्या झाल्या. एका लहान झाडाच्या वीस फांद्या तोडल्या असे धरले, तर पंचवीस झाडे बोडकी झाली. आता दुसरा हिशोब पाहा. प्रत्येक घराने पाचच पाने घेतली, तर अडीच हजार पाने लागतील. एवढी पाने पाच-सहा झाडांवरून हाताने हलकेच खुडली, तर झाडांना त्याचा पत्ताही लागणार नाही. पाहुण्याने दिलेले पान आपण पुढच्याला द्यावे. सोने हातोहात फिरले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

आपल्या शेजारच्या प्रदेशांकडेही पाहावे. तेलंगणात आणि कर्नाटकात दसऱ्याला शमीची पाने सोने म्हणून देतात. पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली होती, अशी कथा महाभारतात आहे. झाड निराळे, कथा निराळी, भावना मात्र एकच. यावरून असे दिसते की, सणाचे खरे सोने पानांत नसून ते देणाऱ्याच्या मनात असते. मग त्या पानासाठी झाडच दुबळे करावे, हे कोणत्या मनाला पटेल?

याला उपाय एकच. जितके आपण घेतो, त्याहून अधिक लावावे. आपट्याचे रोप तयार करणे कठीण नाही; फक्त धीर हवा. कांचनाच्या वंशातील सर्वच झाडे बियांपासून वाढतात, असे मात्र समजू नका. १९९७ सालापासून हाँगकाँगच्या झेंड्यावर ज्या पाच पाकळ्यांच्या फुलाचे चित्र आहे, ते याच वंशातील एका संकरित झाडाचे फूल आहे. त्या झाडाला बी धरत नाही. माणसाने फांदीपासून नवे झाड तयार केले, तरच ते वाढते. आपला आपटा त्या मानाने सुदैवी. त्याला भरपूर बी येते. आपण ते वाया मात्र घालवू नये.

हिवाळा संपत आला म्हणजे झाडावरच्या पूर्ण वाळलेल्या शेंगा हाताने काढाव्या. झाड ओळखीचे असावे, म्हणजे फसगत होणार नाही. शेंगा फोडून टपोरे, न किडलेले बी निवडावे. हे बी कठीण कवचाचे असते. पाणी आत सहज शिरत नाही. म्हणून पाणी उकळून चुलीवरून उतरावे, किंचित निवू द्यावे, आणि मग त्यात बी टाकून एक दिवस तसेच ठेवावे. हे काम घरातील मोठ्या माणसाच्या हातून करून घ्यावे. दुसऱ्या दिवशी जे बी फुगलेले दिसेल, ते पेरणीस योग्य समजावे.

माती, वाळू व जुने शेणखत समभाग घेऊन पिशव्या भराव्या. पिशवी उंच असावी, कारण अशा झाडाचे मूळ आधी खोल जाते आणि मग शेंडा वाढतो. पिशवीच्या तळाशी भोके पाडावी, नाहीतर पाणी साचून मूळ कुजते. प्रत्येक पिशवीत दोन बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल पेराव्या. माती ओलसर ठेवावी. चिखल करू नये. एक-दोन आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिराने, कोंब वर येतात. दोन्ही उगवले तर सशक्त रोप ठेवून दुसरे हलक्या हाताने दुसऱ्या पिशवीत लावावे. रोप मोठे होताच आधी सांगितलेल्या खुणा त्याच्या पानांवर ताडून पाहाव्या.

पहिल्या वर्षी रोप फारसे वाढत नाही. म्हणून ते वर्षभर पिशवीतच सांभाळावे आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी, जमीन चांगली भिजल्यावर, जागेवर लावावे. दीड फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. त्यात माती व शेणखत भरावे. पिशवी कापून काढावी. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. रोपाभोवती आळे करावे आणि त्यात वाळलेला पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदोनदा पाणी द्यावे. पुढे झाड आपले आपण सांभाळते.

पाण्याइतकीच राखण महत्त्वाची. आपट्याचा कोवळा पाला शेळीला फार आवडतो. तुम्ही वर्षभर वाढवलेले रोप ती एका घासात संपवील! म्हणून बाभळीच्या काट्यांचे भक्कम कुंपण करावे आणि झाड शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ते काढू नये. झाड लहान असताना त्याचे एकही पान दसऱ्याला तोडू नये. लहान मुलाकडून कोणी वर्गणी मागते काय?

आमच्या शाळेतील मुलांनी पुढे हेच केले. बांधावरच्या आपट्याला दोन उन्हाळ्यांनंतर पुन्हा तुरे आले आणि हिवाळ्यात शेंगा पिकल्या. त्यांतले बी मुलांनी आणले, रोपे केली आणि त्यांतली काही शाळेच्या कुंपणालगत, काही शेतांच्या बांधांवर लावली. सगळी जगली नाहीत. काही उन्हाने गेली, काही शेळ्यांनी खाल्ली. जी जगली, ती आता माणसाहून उंच आहेत. आणि तो कांचन? तोही आवारात तसाच उभा आहे. त्याच्यावर राग कशाला धरावा? आपण आपटा आहोत, असे तो बिचारा कधी म्हणाला नव्हता. ते आम्ही म्हटले होते. आता त्याच्या बुंध्याशी मुलांनी एक पाटी लावली आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'कांचन'. दरवर्षी आश्विनात तो फुलतो, आणि दरवर्षी नव्या मुलांना त्याची गोष्ट सांगितली जाते.

मुलांनो, येत्या दसऱ्याला तुमच्या हातात पान आले म्हणजे ते क्षणभर उजेडासमोर धरा. त्याच्या शिरा मोजा, ते उलटून पाहा, बोटांनी चाचपा. ते आपट्याचे असेल, तर त्या झाडाचे मनोमन आभार माना. कांचनाचे असेल, तर देणाऱ्याचा उपहास करू नका. पान कोणतेही असो, त्याचा स्नेह खराच आहे. मात्र त्याला ही ओळख आदराने सांगा. आणि झाडाजवळ जाल, तेव्हा कौत्साची आठवण ठेवा. गरजेपुरतेच घ्या.

स्वाध्याय

१. आपटा आणि कांचन यांच्या पानांतील चार फरक लिहा.
२. पानाच्या चिरेची खोली ही भरवशाची खूण का नव्हे?
३. आश्विन महिन्यात आपट्याच्या फांद्या तोडल्याने झाडाचे कोणते नुकसान होते? कारणे देऊन सांगा.
४. 'देणारा हात आखडत नव्हता आणि घेणारा गरजेपलीकडे हात पुढे करीत नव्हता.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. लेखकाने कांचनाचे झाड का तोडले नाही, असे तुम्हांला वाटते?
६. पुढील शब्द वाक्यांत योजा : सीमोल्लंघन, विन्मुख, फसगत, राखण.
७. उपक्रम : तुमच्या परिसरातील आपट्याचे किंवा कांचनाचे एक झाड शोधा. त्याची पाने सकाळी आणि सूर्यास्तानंतर पाहा. पानाच्या दोन भागांत काही बदल दिसतो काय, ते आठ दिवस वहीत नोंदवा.